गंजिफाच्या पानांत राणी नसते

विचारलंय असं की, "क्वीन कॉन्सॉर्ट म्हणजे नक्की काय? तिला काही अधिकार असतात की नुसती राजाची बायको? आणि रत्नागिरीच्या थिबा राजाचं राज्य त्याच्या राणीने बुडवलं म्हणतात, ते खरं का?" हे दोन प्रश्न वेगवेगळे वाटतात पण मला तो एकच प्रश्न वाटतो, म्हणून उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी रत्नागिरीत २२ वर्षं गाईडचं काम करते. थिबा पॅलेस (ब्रह्मदेशचा राजा थिबा, ज्याला इंग्रजांनी इथे कैदेत ठेवलं, त्याचा वाडा), रत्नदुर्ग, पावस, गणपतीपुळे, सुट्ट्यांत कोणी म्हटलं तर रायगड आणि सावंतवाडीपण. पॅलेसमध्ये ग्रुप घेऊन शिरले की पहिला प्रश्न ठरलेला, राजा कुठे बसायचा. दुसरा प्रश्न, राजाला किती बायका होत्या. राणी दिवसभर काय करायची हे इतक्या वर्षांत मोजून चार-पाच जणांनी विचारलं असेल, त्यातली एक चौथीतली मुलगी होती, सांगलीकडची. तिच्या बाबांनी तिला गप्प केलं, "अगं राणी काय करणार, राणी राणीच असते." मी तेव्हा ग्रुप थांबवला आणि तिथेच जिन्यावर पंधरा मिनिटं बोलले. ते जे बोलले तेच जरा सविस्तर लिहिते.

आधी शब्दाचं बघू. जी स्वतः गादीवर बसते, जिच्या नावाने राज्य चालतं, ती वेगळी राणी, म्हणजे इंग्लंडची दुसरी एलिझाबेथ. आणि जिचा नवरा गादीवर आहे म्हणून जी राणी आहे ती क्वीन कॉन्सॉर्ट, म्हणजे आत्ताची कॅमिला. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, पट्टराणी. राजाला चार राण्या असल्या तरी मानाची आणि अभिषेकाला शेजारी बसणारी एकच. नवरा गेला आणि मुलगा लहान असला की तीच बाई मुलाच्या नावाने कारभार बघते, तेव्हा तिचं काम बदलतं, आणि मुलगा मोठा होऊन गादीवर आला की ती राजमाता. माणूस तोच, तीन वेगळ्या जागा. एक गंमत बघा, राजाची बायको राणी होते पण राज्य करणाऱ्या राणीचा नवरा राजा होत नाही, एलिझाबेथचा नवरा फिलिप शेवटपर्यंत प्रिन्सच राहिला.

अधिकाराचं म्हणाल तर कागदावर जवळजवळ काही नसतं. सही तिची चालत नाही, कायदा ती करत नाही, सैन्य तिच्या हुकुमात नाही. इंग्लंडात तिला एक जुनी सवलत मात्र होती. तिकडे १८८२ च्या कायद्याआधी लग्न झालेल्या बाईची मालमत्ता बहुतेक नवऱ्याच्याच ताब्यात जायची, पण राणी त्याला अपवाद होती, ती स्वतःच्या नावाने जमीन घेऊ शकायची, करार करू शकायची. म्हणजे देशातल्या इतर बायकांपेक्षा ती जरा मोकळी. यापलीकडे तिचं जे काही वजन असायचं ते राजाच्या किती जवळ आहे यावर, माहेर किती तगडं आहे यावर, मुलगा आहे का यावर आणि डोकं किती चालतं यावर.

आता हे पाठ्यपुस्तकातलं झालं, खरं काम कसं असतं ते बघायला आपल्याला लंडनला जायची गरज नाही, आपला रायगड आहे ना. राज्याभिषेकाची गोष्ट सांगताना सगळे शिवाजी महाराजांचं सिंहासन, होन, इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन, गागाभट्ट यावर बोलतात आणि बोललंच पाहिजे, पण ६ जून १६७४ ला त्या विधीत सोयराबाई पट्टराणी म्हणून शेजारी होत्या. शास्त्राप्रमाणे राजाने एकट्याने बसून तो विधी होतच नाही. म्हणजे राजा 'राजा' होण्याच्या विधीतच राणीची जागा धरलेली आहे. गडावर राणीवशाचे सहा महालांचे अवशेष एका रांगेत आहेत, प्रत्येकाला स्वतंत्र शौचकूप, मी माणसांना ते मुद्दाम वाकून बघायला लावते, कारण राजवाड्यात राहणाऱ्या बाईचा दिवस कसा जात असेल हे सिंहासनाच्या चौथऱ्यावरून कळत नाही, तिथल्या दगडावरून थोडं तरी कळतं.

आणि रायगडावरच्याच दुसऱ्या राणीबद्दल बोलल्याशिवाय मी खाली उतरत नाही. येसूबाई. शृंगारपूरच्या शिर्क्यांची लेक, म्हणजे आपल्या संगमेश्वर तालुक्यातली. संभाजी महाराज मोहिमांवर असायचे, तेव्हा मागे कारभार बघायची मुभा तिला होती आणि तिची स्वतःची मुद्रा होती, 'श्री सखी राज्ञी जयति'. मला त्यातला 'सखी' शब्द फार आवडतो, तो उगाच घातलेला नाही. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरात महाराज पकडले गेले, मार्चमध्ये मारले गेले, मुलगा शाहू जेमतेम सात वर्षांचा, खाली मोगलांचा वेढा. कुठल्याही आईने आपल्या पोराला गादीवर बसवा म्हटलं असतं. हिने दिराला, राजारामाला, पुढे केलं, त्याला गडाबाहेर काढलं आणि स्वतः पोराला घेऊन गडावर थांबली. त्याच वर्षी नोव्हेंबरात गड पडला आणि ती कैद झाली. सुटून आली १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून घेऊन आले तेव्हा, ते श्रीवर्धनचे, म्हणजे तेही कोकणातलेच. तीस वर्षं कैद. राज्य कोणी वाचवलं म्हणून विचारलं की राजाराम, संताजी, धनाजी, ताराबाई ही नावं येतात आणि ती बरोबरच आहेत, पण त्या एका रात्रीत गडावर बसून ज्या बाईने निर्णय घेतला तिच्या हातात त्या वेळी कुठलं पद होतं सांगा? विधवा होती, कैद होणार हे दिसत होतं. पट्टराणीचं काम असं असतं, ते कुठल्या सनदेत लिहिलेलं नसतं.

हे मी आधी का सांगितलं तर संगमेश्वरची लेक लांब मोगलांच्या छावणीत तीस वर्षं राहिली आणि पुढे दोनशे वर्षांनी एक परकी राणी आमच्या रत्नागिरीत येऊन तेहतीस वर्षं कैदेत राहिली, आणि आम्हा रत्नागिरीकरांना तिचं नावही धड घेता येत नाही.

तिचं नाव सुपायालत. त्यातल्या 'लत'चा अर्थ मधली. मोठी सुपायाजी, मधली सुपायालत, धाकटी सुपायागले, तिघी सख्ख्या बहिणी, ब्रह्मदेशच्या मिंडान राजाच्या मुली. त्या राजाला पन्नासच्या वर राण्या आणि शंभरच्या आसपास मुलं, त्यामुळे त्या वाड्यात कोणाची आई किती जोरात आहे यावर सगळं चालायचं. हिची आई सिनब्युमाशिन फार जोरात होती. १८७८ मध्ये राजा मरणाला टेकला तेव्हा तिने आणि काही मंत्र्यांनी मिळून थिबाला निवडलं, कारण तो अभ्यासू, शांत, मठात शिकलेला, आपल्या मुठीत राहील असा. सुपायालत त्याची सावत्र बहीणच, तिकडे राजघराण्यात असं लग्न चालायचं, रक्त शुद्ध राहावं म्हणून. तेव्हा ती १८-१९ वर्षांची होती. मोठ्या बहिणीलाही राणी केलं होतं पण हिने तिला बाजूला सारलं, आणि ज्या गादीवर बापाच्या पन्नास राण्या होत्या तिथे हिने नवऱ्याला बहिणींखेरीज दुसरी बाई करू दिली नाही.

१८७९ च्या फेब्रुवारीत गादीवर हक्क सांगू शकतील अशा राजपुत्रांना आणि त्यांच्या नात्यातल्यांना मारून टाकलं, सत्तर-ऐंशी माणसं. ही गोष्ट मी कधीच लपवत नाही आणि तुम्हीही सोडून देऊ नका. त्यात राणीचा वाटा किती, तिच्या आईचा किती, तैंगदा मंत्र्याचा किती यावर वाद आहेत. पण इंग्रजांच्या वर्तमानपत्रांनी सगळं बिल हिच्याच नावावर फाडलं. राजा बिचारा भोळा, बायकोच्या ताटाखालचं मांजर, आणि बायको राक्षसीण. हे चित्र त्यांना सोयीचं होतं, कारण एका राज्यात घुसायचं तर 'तिथली प्रजा छळ सोसतेय, आम्ही सोडवायला जातोय' असं म्हणावं लागतं.

राज्य गेलं त्याची कारणं शोधायची तर राणीच्या महालात न शोधता सागाच्या जंगलात शोधा. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन म्हणजे नावातच आपली मुंबई, ही कंपनी ब्रह्मदेशात साग तोडायची, मोजणी कमी दाखवून पैसे बुडवले म्हणून मंडालेच्या दरबाराने तिला मोठा दंड ठोकला. त्यात थिबाच्या दरबाराची फ्रेंचांशी बोलणी चाललेली, ते इंग्रजांना खुपत होतं. १८८५ च्या ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरात सैन्य नदीतून वर चढलं, दोन आठवड्यांत सगळं आटोपलं. दरबारात किनवुन मिंजी हा मुरलेला मंत्री तह करा म्हणत होता, राणी लढा म्हणत होती. तिचा अंदाज चुकला हे खरं आहे, फौजेची ताकद तिला कळली नव्हती, वाड्याबाहेरचं जग तिने पाहिलंच नव्हतं. पण तह केला असता तर राज्य राहिलं असतं का, हे आपल्या संस्थानांचं काय झालं ते बघून तुम्हीच ठरवा. म्हणून प्रश्नाच्या शेवटच्या भागाचं माझं उत्तर सरळ आहे, राणीने राज्य बुडवलं नाही. चुका केल्या, त्यातल्या काही भयंकर, पण बुडवणारे वेगळे होते आणि ते ठरवून आले होते.

२९ नोव्हेंबर १८८५ ला राजाराणीला मंडालेतून बाहेर काढलं, साध्या बैलगाडीतून नदीपर्यंत. पायी पाच मिनिटंही लोकांत न फिरलेली माणसं ती. राणी तेव्हा पोटुशी होती. हे एक वाक्य मी पॅलेसमध्ये सांगते ना तेव्हा ग्रुपमधल्या बायका एकदम गप्प होतात. तिसरी मुलगी मद्रासला झाली, मार्च १८८६ मध्ये, आणि एप्रिलच्या मध्याला ते सगळे बोटीतून रत्नागिरीला उतरले. म्हणजे दोन लहान मुली हाताशी, महिन्या-दीड महिन्याचं बाळ, पहिला मुलगा तान्हेपणीच गेलेला, आणि समोर कोकणातला एप्रिल. तुम्हाला कोकणातला एप्रिल माहितीये, अंगाला कपडा लागत नाही. दीड महिन्यात पाऊस लागणार, आणि तेव्हा पावसात बोटी बंद म्हणजे जगाशी संबंधच तुटायचा, रेल्वे आमच्याकडे आली ती १९९० च्या दशकात. रत्नागिरी निवडली ती यासाठीच. चौथी मुलगी पुढच्या वर्षी इथेच जन्मली, ती आमच्या मातीतली राजकन्या.

अजून एक योगायोग सांगते, हा ऐकून मी स्वतः कितीतरी दिवस अस्वस्थ होते. इंग्रजांनी १८५८ मध्ये बहादूरशाह जफरला दिल्लीतून रंगूनला नेलं तेव्हा त्याची राणी झीनत महल बरोबर गेली. ती रंगूनला वारली १८८६ मध्ये. त्याच वर्षी ब्रह्मदेशची राणी इकडे आणून ठेवली. एका देशाची राणी दुसऱ्या देशात, दुसऱ्या देशाची पहिल्यात. दोघींचे गुन्हे कुठल्या कोर्टात सिद्ध झाले नव्हते, त्या राजाच्या बायका होत्या एवढंच. म्हणजे गंमत अशी की अधिकार द्यायची वेळ येते तेव्हा राणी म्हणजे नुसती बायको, आणि शिक्षेची वेळ येते तेव्हा तीच राज्याचा अर्धा भाग.

आता ती इथे काय करायची. सुरुवातीची चोवीस वर्षं तर पॅलेस नव्हताच, सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहायचे. पॅलेस १९१० ला पूर्ण झाला, नोव्हेंबरात ते राहायला गेले. राजा वारला डिसेंबर १९१६ मध्ये. राणी गेली एप्रिल १९१९ मध्ये. हिशोब करा, राजा त्या वास्तूत सहा वर्षं राहिला, राणी साडेआठ. पण पॅलेस थिबाचा, पॉइंट थिबाचा, रस्ता थिबाचा. पॅलेसमध्ये वरच्या मजल्यावरच्या अर्धगोल लाकडी खिडक्या सगळे फोटो काढतात, कोरीवकाम आहेच सुंदर. तिथे उभं राहून टुरिस्ट म्हणतात, "इथून समुद्राकडे बघत मायदेशाची आठवण काढत असतील ना." मी त्यांना हाताने दिशा दाखवते. समुद्र पश्चिमेला. ब्रह्मदेश पूर्वेला, पाठीमागे, सह्याद्रीच्या पार, अख्खा देश ओलांडून, आणि मग दुसरा समुद्र. त्या खिडकीतून दिसणारं पाणी तिच्या घरी जातच नव्हतं.

तर तिचं काम. तिने दरबार चालू ठेवला. राज्य नाही, प्रजा नाही, सैन्य नाही, पण घरातली माणसं तिच्यासमोर उभी राहायची नाहीत, गुडघ्यावर, हात जोडून. मंडालेत हा शिष्टाचार इतका पक्का होता की इंग्रज वकिलाने बूट काढून जमिनीवर बसायचं की नाही यावर दोन सरकारांचं बोलणं वर्षानुवर्षं अडलं होतं. आपल्याला त्यात नवल नाही, आपण अजून खळ्यात चपला काढूनच ओटीवर पाय ठेवतो. तनखा पुरायचा नाही, कर्ज व्हायचं, बरोबर आणलेले दागिने एकेक करून विकले. ते हिरे-माणकं गावातल्या कोणाकोणाकडे कवडीमोलाने गेली याच्या गोष्टी माझी आजी सांगायची, खऱ्या किती कोण जाणे, पण एक वाक्य ती नेहमी म्हणायची, "राणी मोडली पण वाकली नाय गो." आजीच्या सासूने तिला लांबून पाहिलं होतं म्हणे, गाडीतून जाताना.

मला विचाराल तर दागिने विकून दरबार चालवणं हा माज नव्हता. तिच्याकडे राणीपणाशिवाय दुसरं काही उरलंच नव्हतं, आणि राजा राजा आहे हे रोज सकाळी घरातल्या वीस माणसांना दाखवून देणं हे काम ती करत होती. नवरा शांत, अर्ज लिहिणारा, इंग्रज अधिकाऱ्यांशी नीट बोलणारा, त्याने आपल्या माणकाबद्दल, 'नगा मौक' नावाचं मोठं माणिक होतं, मंडाले पडताना इंग्रज अधिकाऱ्याच्या ताब्यात दिलेलं ते परत द्या म्हणून अर्ज केले, ते काही परत आलं नाही. ती अर्ज करणाऱ्यांतली नव्हती.

पण याची किंमत मुलींनी मोजली, आणि हे बोलताना मी राणीची बाजू घेत नाही. चार मुली, जावई हवा तर राजरक्ताचा, आणि असा मुलगा रत्नागिरीत कुठून आणणार? मुली तिशीला आल्या तरी घरात. थोरलीचं मन वाड्यावरच्याच सावंत आडनावाच्या पहारेकऱ्यावर बसलं, तो लग्न झालेला, त्यांना १९०६ मध्ये मुलगी झाली, टुटू. दुसरीने आईच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं आणि पुढे कलिंपोंगला राहिली. थोरली १९१९ मध्ये सगळ्यांबरोबर रंगूनला गेली पण टुटूला घेऊन परत रत्नागिरीलाच आली आणि १९४७ मध्ये इथेच गरिबीत वारली. टुटू मराठी बोलत, मराठी घरात संसार करत २००० सालापर्यंत जगली. ब्रह्मदेशच्या राजाची नात, आमच्या बाजारात भाजी घेताना दिसायची, आम्हा कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. माझी आई त्यांना ओळखायची, नुसतं "काय, बरं ना" एवढ्यापुरतं. मी तेव्हा शाळेत होते, मला आजही वाटतं की जाऊन चार गोष्टी विचारायला हव्या होत्या.

राजा गेल्यावर राणीने जे केलं ते मात्र मला सगळ्यात मोठं वाटतं. तिने त्याला इथे पुरू दिलं नाही. मायदेशी नेऊन राजासारखे संस्कार करायचे यावर अडून बसली. धाकटी बहीण सुपायागले, जी छोटी राणी म्हणून बरोबर आली होती, ती १९१२ मध्येच वारली होती, तिचाही देह तसाच ठेवलेला. सरकारला भीती की राजाचा देह तिकडे गेला तर लोक पेटून उठतील. दोन वर्षांच्या वर हे चाललं. शेवटी मार्च १९१९ मध्ये दोघांना रत्नागिरीत पुरलं आणि पुढच्याच महिन्यात राणीला रंगूनला जाऊ दिलं. बघा, ज्या बाईला काही अधिकार नाही म्हणतात तिने एका साम्राज्याला दोन वर्षं एका मृतदेहावरून अडवून धरलं. ती २४ नोव्हेंबर १९२५ ला रंगूनला वारली, तिची समाधी श्वेडगॉन पॅगोड्याच्या पायथ्याशी. नवरा इकडे, ती तिकडे.

आता समुद्रानेच जरा वर चला, मुंबईला. गेटवे ऑफ इंडियावर काय कोरलंय ते किती जणांनी वाचलंय? पंचम जॉर्ज आणि क्वीन मेरी २ डिसेंबर १९११ ला भारतात उतरले त्याची आठवण म्हणून ती कमान आहे. क्वीन मेरी म्हणजे क्वीन कॉन्सॉर्ट, स्वतः राज्य करत नव्हती, पण तिचं नाव राजाच्या बरोबरीने दगडात आहे. त्याच दिवशी त्याच किनाऱ्यावर, रत्नागिरीत, दुसरी एक राणी नव्या पॅलेसमध्ये आपलं दुसरं वर्ष काढत होती, तिचं नाव कुठल्या दगडावर आमच्या गावात मला तरी दिसलेलं नाही. त्या मेरीसाठी १९११ मध्ये जो मुकुट केला त्यात आपला कोहिनूर होता, कोहिनूर तिकडे राजाच्या मुकुटात न बसवता राण्यांच्याच मुकुटात बसवत आले, १९०२ ला अलेक्झांड्राच्या, १९११ ला मेरीच्या, १९३७ ला एलिझाबेथच्या आईच्या. ६ मे २०२३ ला कॅमिलाच्या डोक्यावर मेरीचाच मुकुट ठेवला पण कोहिनूर नव्हता, भारतात बोंब होईल म्हणून. राणीच्या डोक्यावर काय ठेवायचं हासुद्धा दोन देशांमधला प्रश्न होतो, मग तिला 'नुसती बायको' कसं म्हणायचं?

आणि राज्य नसताना राणीचं काम चांगल्या अर्थाने कसं चालतं ते बघायचं तर सावंतवाडीला जा. तिकडे संस्थान विलीन झालं, १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने तनखे आणि पदव्याही गेल्या, कायद्याने राणी कोणी उरलंच नाही. त्याच काळात सत्त्वशीलादेवी भोसले, बडोद्याच्या गायकवाडांची लेक, सावंतवाडीची सून, यांनी बघितलं की गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवणारी चितारी मंडळी जवळजवळ संपलीयेत. एक म्हातारे कारागीर उरले होते, त्यांच्याकडे त्या स्वतः शिकायला बसल्या, राणीने कारागिराकडे शिकायला बसायचं, हेच मुळात किती मोठं आहे. मग राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येच कारखाना चालू केला. आजही तिथे गेलात तर जमिनीवर मांडी घालून बारीक कुंचल्याने रंगवत बसलेले कलाकार दिसतात, लाखेचा वास येतो. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या.

गंजिफाचं पान हातात घेऊन बघा, गोल असतं, तळहातात मावेल एवढं. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण १२०. त्या बारात एक ते दहा साधी, वर प्रधान आणि त्याच्या वर राजा. संपलं. आपल्या नेहमीच्या बावन्न पानांत असते तशी राणी त्यात नाहीच. मी पहिल्यांदा हे मोजलं तेव्हा तिथल्या कलाकार ताईंना विचारलं, तर त्या रंगवता रंगवता म्हणाल्या, "पानात नाय, पण पान तिच्यामुळेच हा." मी तेव्हापासून हे वाक्य प्रत्येक ग्रुपला सांगते.

तर त्या सांगलीच्या मुलीला मी जिन्यावर शेवटी काय सांगितलं, ते सांगते. तिने विचारलं, "मग राणीची खोली कुठली?" मी म्हटलं, बाळा, आपण आधी समाधीवर जाऊया. शहरातच आहे, पॅलेसपासून रिक्षाने दहा मिनिटं. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष तिथे येऊन वाकून गेले. तुम्हीही आलात तर पॅलेसच्या आधी तिथे जा. तिथे राजा आहे, छोटी राणी आहे. त्या मुलीने दोन्ही समाध्यांवर एकेक जास्वंदीचं फूल ठेवलं, हातात तिसरं उरलं, ते तिने पिशवीत ठेवलं, म्हणाली पॅलेसमध्ये वर खिडकीत ठेवते.